बंदिस्त मठ की सेवाकार्य करणारी काँग्रिगेशन? पाचारण तपासताना माझ्या मते काय बघावं

आपल्याला कॅथलिक चर्चमधल्या व्रतस्थ जीवनाचं (दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेऊन जगण्याचं) पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे असं वाटायला लागलं की बहुतेक जण स्वतःला पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे मी टिकेन का, पण त्याआधी टिकायचं कुठे हे बघायला हवं, कारण कार्मेल या संघाचा बंदिस्त मठ आणि शाळा-हॉस्पिटलं चालवणारी काँग्रिगेशन, म्हणजे बाहेर जाऊन सेवा करणारी संस्था, दोन्हीकडे गेलेल्या मुलीला लोक सिस्टरच म्हणतात, पण दिवस मात्र पूर्ण वेगळा असतो.

मठात प्रार्थना हेच काम. दिवसातून अनेकदा सगळ्यांनी चॅपलमध्ये जमून स्तोत्रं म्हणायची, मधल्या वेळात हाताने करायची कामं, बरंचसं मौन, आणि घरच्यांची भेट ठरलेल्या वेळी पार्लरमध्ये, म्हणजे मठातल्या भेटीच्या खोलीत. कार्थुसियन संघाचे मठवासी तर मध्यरात्री प्रार्थनेला उठतात आणि बहुतेक दिवस आपापल्या खोलीत एकटेच जेवतात. काँग्रिगेशनमध्येसुद्धा सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), कम्युनिटीचं जेवण असतंच, पण मधला दिवस वर्गात, वॉर्डात नाहीतर लोकांच्या घरी जातो आणि थकून आल्यावर प्रार्थनेला वेळ काढणं ही तिथली रोजची लढाई असते.

मला विचाराल तर खरा फरक कामाचा नाहीच, आज्ञापालनाचा आहे. काँग्रिगेशनमध्ये बदली होते, जीव लावलेलं काम, माणसं, भाषा सगळं सोडून सुपीरियर (संस्थेतले वरिष्ठ) सांगतील तिथे जायचं. मठात नेमकं उलटं, बेनेडिक्टाईन संघाचे लोक तर त्याच मठात स्थिर राहायचंच व्रत घेतात, म्हणजे आज ज्या माणसाचा राग येतोय त्याच्या शेजारी बहुधा आयुष्यभर बसायचंय. यातलं आपल्याला जास्त जड काय जाईल हे प्रामाणिकपणे बघा. नुसता शांत स्वभाव आहे म्हणून मठ आणि बडबड्या आहे म्हणून काँग्रिगेशन असं ठरवू नका, मौनात स्वतःचं मन फार मोठ्याने बोलतं आणि ते सगळ्यांना झेपत नाही.

आणि मठ म्हणजे जगाकडे पाठ असंही नाही हो. लिझ्यूची संत तेरेजा १८८८ मध्ये १५ व्या वर्षी कार्मेलमध्ये गेली, मरेपर्यंत तिथेच राहिली, तरी १९२७ मध्ये चर्चने तिला मिशनकार्याची आश्रयदाती संत केलं. मिशनची ओढ आहे म्हणून मठाचा विचारच करायचा नाही असं म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे जरूर बघावं.

वेळेच्या बाबतीतही फरक आहे. चर्चच्या कायद्यानुसार १७ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये (व्रतं घेण्याआधीच्या उमेदवारीत) घेत नाहीत, नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं, त्यानंतर तात्पुरती व्रतं ३ ते ६ वर्षं, गरज पडली तर एकूण ९ पर्यंत. बंदिस्त मठातल्या सिस्टरांसाठी २०१८ पासून रोमचे नियम जास्त लांब आहेत, आधी ॲस्पिरन्सी आणि मग पोस्ट्युलन्सी (नोव्हिशिएटच्या आधीचे तयारीचे दोन टप्पे), मग २ वर्षं नोव्हिशिएट आणि ५ वर्षं तात्पुरती व्रतं, एकूण किमान ९ वर्षं. काहींना हे ऐकूनच धडकी भरते, मला मात्र यात मोठा दिलासा वाटतो, कारण आयुष्यभराचं वचन एका रिट्रीटच्या (प्रार्थना-शिबिराच्या) भारावलेपणात कोणी मागत नाहीये. नोव्हिसला, म्हणजे नोव्हिशिएटमधल्या उमेदवाराला, केव्हाही मोकळेपणाने निघून जाता येतं आणि संस्थाही नाही म्हणू शकते, पारख दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून नकार मिळाला तर देवानेच नाकारलं असं कृपया समजू नका.

हे दोनच पर्याय आहेत असंही नाही. धर्मप्रांताचे फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, ब्रह्मचर्य पाळायचं आणि बिशपांची आज्ञा मानायची असं वचन देतात. सेक्युलर इन्स्टिट्यूट १९४७ पासून मान्य आहेत, त्यात आपली नोकरी करत, जगातच राहून समर्पित आयुष्य जगतात. ज्यांना कम्युनिटीत राहण्याचीच अडचण वाटते त्यांनी हे आधी बघावं.

निवड करताना जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा एक नियम फार उपयोगी पडतो, मन उदास, कोरडं झालेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. प्रेमभंग झालाय, परीक्षेत नापास झालोय, घरात भांडणं चालू आहेत अशा वेळी मठ फार सुंदर दिसतो. तीच ओढ आनंदाच्या दिवसांतही राहते का ते बघा, आणि हे एकट्याने करू नका, एखादे आध्यात्मिक मार्गदर्शक गाठा, शक्यतो ज्यांना तुम्ही त्यांच्याच संस्थेत यावं असा आग्रह नाही असे.

मग दोन्हीकडे काही दिवस राहून या. सणाच्या दिवशी नको, साध्या कामाच्या आठवड्यात जा. बदल्या कशा ठरतात, आजारी सिस्टरांना कोण बघतं, घरी आईवडील म्हातारे झाले तर भेटायला सोडतात का, हे सगळं बिनधास्त विचारा. डोक्यावर कर्ज असेल तर व्होकेशन डायरेक्टरना (संस्थेत येऊ पाहणाऱ्यांशी बोलणाऱ्यांना) पहिल्याच भेटीत सांगा, फेडता येत नसेल तर प्रवेश अडू शकतो.