आत्याचं नाव शोधताना: जुने फेरफार ऑनलाइन पाहण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

आत्याचं नाव सातबाऱ्यावर का नाही, या एकाच प्रश्नापायी गेले आठ महिने मी जुने अभिलेख ऑनलाइन पाहण्याची सरकारी सोय वापरतोय. जमीन सातारा जिल्ह्यात, आम्ही राहायला ठाण्यात. पूर्वी एकेका नकलेसाठी रजा टाकून तालुक्याला जावं लागायचं. आता गाव, दस्ताचा प्रकार आणि नंबर टाकला की स्कॅन केलेलं पान घरबसल्या दिसतं. ही सोय खरोखर मोलाची आहे.

पण नंबर माहीत हवा, आणि गोम तिथेच आहे. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर, एकत्रीकरणाआधीच्या, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडण्याआधीच्या कागदांवर सर्व्हे नंबर. पहिले दोन महिने मी गट नंबर टाकूनच १९५० च्या आसपासचे उतारे शोधत होतो. मिळणार कुठून? शेवटी भूमी अभिलेख कार्यालयातून ९(३), ९(४) चा, म्हणजे जुन्या नंबरांचा नवा गट कसा झाला ते दाखवणारा उतारा काढला. आमचा गट दोन जुन्या सर्व्हे नंबरांचे हिस्से मिळून झालाय, हे त्यात कळलं आणि मागची वाट मोकळी झाली.

माझा आग्रह एकच: नुसते सातबारे गोळा करू नका. नावाशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या त्या त्या बदलाचे क्रमांक. तो प्रत्येक फेरफार काढून वाचा. १९३८ च्या नोंदीत थोरल्या आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. माझे आजोबा धाकटे, त्यांचं नाव आलं ते थेट १९५१ च्या वाटपाच्या फेरफाराने. ती तीन अक्षरं नजरेतून सुटली असती, तर अख्खी जमीन थोरल्या घरचीच समजलो असतो.

मधे एका एजंटाने ‘पूर्ण सर्च’ म्हणून पैसे घेतले आणि १९८० नंतरचेच उतारे हातात ठेवले. आत्याचं नाव तोवर गळून गेलेलं होतं.

ते सापडलं १९६२ च्या वारस फेरफारात. आजोबांच्या मागे तीन मुलगे कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, आणि खाली पुसट शाईत, इतर हक्कात, ‘वारस, मुलगी’. हाताने लिहायचे सातबारे ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिले जात. आमच्या पुढच्या सातबाऱ्यावर मुलग्यांची नावं उतरली, इतर हक्काचा रकाना मात्र कोरा. नाव कमी केल्याचा एकही फेरफार नाही. मी दोनदा ओळीने सगळे तपासले. आता सगळ्या नकला जोडून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे दिलाय. सुनावणी व्हायची आहे.

ते पान मी आत्याला मोबाइलवर दाखवलं. ती ८४ वर्षांची आहे. तिने बोटाने अक्षरं मोठी केली, आधी वडिलांचं नाव वाचलं, मग स्वतःचं. “दादांनी लिहवलं होतं म्हणजे,” एवढंच म्हणाली.