कंडेन्सर की डायनॅमिक? आमच्या पारव्यांचा निकाल

पॉडकास्ट सुरू करू पाहणारे ओळखीतले लोक हल्ली बहुतेक एकाच जागी अडकलेले दिसतात. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून झालेलं असतं, चार भागांचे विषय वहीत लिहिलेले असतात, फोनवर एक प्रयोगही झालेला असतो. आता यूएसबीचा माइक घ्यायचा, तो कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, की डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील, जवळून बोलायचा? मी आधी वर्षभर कंडेन्सर वापरला, आता डायनॅमिक वापरतो.

कंडेन्सरबद्दल वाईट बोलवत नाही. पहिल्या दिवशी हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकला आणि हरखूनच गेलो. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा, दोन्ही लख्ख. शिवाय पाहुण्यांना त्याचा जाच होत नाही. शेजारच्या आजोबांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली. त्यांची मुलाखत मी त्यावरच केली. आजोबा बोलताना कधी खिडकीकडे बघणार, कधी आतल्या खोलीतल्या आजींना साक्षीला काढणार. माइक हातभर लांब होता, तरी एक शब्द सुटला नाही.

पण खिडकीतले पारवेही सुटले नाहीत.

आम्ही राहतो पुण्यात, नारायण पेठेत, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. इथल्या आवाजांचं वेळापत्रक मला पाठ आहे. कुकर साडेदहाला, भंगारवाला अकराच्या पुढे. जुलैपासून संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की कुठलाच माइक उपयोगाचा नाही. तेव्हा मी रेकॉर्डिंगच करत नाही. पंख्याची घरघर एकसारखी असते, त्यामुळे तिचा नमुना सॉफ्टवेअरला दिला की बरीचशी निघून जाते. ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कापला की लांबच्या बसची गुरगुरही कमी होते. पारव्याचं मात्र काही करता येत नाही. त्याचं घुमणं माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात येतं. ते कापायला गेलो तर आजोबांचा आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. शिवाय ते एकसारखंही नाही. वाक्य संपवून आजोबा श्वास घेतात, त्या नेमक्या फटीत हा ‘घुटर्रघूं’ करतो. पहिल्या भागातून मी हाताने एकेक घुमणं वेचून काढलं. पाऊण तासाच्या गप्पांना दोन रविवार गेले. जाळी लावून झाली. पारवे बाजूच्या डक्टमध्ये राहायला गेले, आणि तिथे त्यांचा आवाज जास्तच घुमतो.

मग डायनॅमिक आणला, दांडीवाला, स्टेजवर असतो त्या घराण्यातला. शुअरचा एसएम ५८ हा या घराण्यातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा, १९६६ पासून बाजारात आहे. माझा तो नव्हे, यूएसबीवर चालणारा साधाच आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा बिघडलेलाच निघाला असं वाटलं, इतका बारीक आवाज. गेन, म्हणजे माइकचा आवाज उचलण्याची पातळी, बराच वाढवावा लागतो आणि तोंड चार बोटांवर ठेवावं लागतं. इतक्या जवळून ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात. तपकीर गल्लीतून फोमची टोपी आणली आणि माइक जरा तिरका धरायला लागलो, तेव्हा ते थांबलं.

जाणकार म्हणतील की डायनॅमिकला लांबचं ऐकूच येत नाही, हा गैरसमज आहे. बरोबर आहे त्यांचं. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. पारवा तिथेच बसलेला असतो, आणि आपण जवळ गेल्यामुळे गेन लांबून लागला असता त्यापेक्षा कमी ठेवता येतो. कंडेन्सरच्याही इतकं जवळ गेलं तर बराच फायदा मिळेल. मी गेलो नाही, एवढंच. तो लांबूनही छान ऐकतो म्हटल्यावर माणूस खुर्चीत मागे रेलतोच. डायनॅमिक रेलू देत नाही.

‘चारा’तला च आता थोडा बोथट येतो, हे मान्य. माझा मेहुणा बावधनला आतल्या बाजूला राहतो, पुस्तकांनी भरलेल्या खोलीत एकटाच बोलतो. त्याला मी कंडेन्सरच सुचवला, आणि माझा जुना त्यालाच देऊन टाकला. तुमचंही घर तसं शांत असेल तर माझं ऐकू नका. पेठेत, रस्त्यालगत किंवा पारव्यांच्या शेजारी राहत असाल, तर मला वाटतं डायनॅमिकच बरा पडेल. पुढेमागे बदलावासा वाटलाच तर बदला.

पाहुणे माइकपासून लांब सरकतात, ही अडचण राहिली होती. आजोबांच्या दुसऱ्या मुलाखतीच्या वेळी स्टँड बाजूला ठेवला आणि माइक सरळ त्यांच्या हातात दिला. मंडळाच्या बक्षीस समारंभात धरतात तसा, हनुवटीला टेकवून, ते दीड तास बोलले. मध्येच आजींनी आतून काहीतरी दुरुस्ती सुचवली. ती तेवढी रेकॉर्ड झाली नाही.