कम्युनिटी कॉलेजातील सीएनए अभ्यासक्रम : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी महाविद्यालयात, मी गेल्या वर्षी सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा (नर्सच्या हाताखाली रुग्णांची रोजची शुश्रूषा करणाऱ्या मदतनिसाचा), इथे सर्वजण ज्याला सीएनए म्हणतात तो, अभ्यासक्रम पूर्ण केला. मुले मोठी झाल्यावर आरोग्यसेवेत शिरण्याचा विचार करणाऱ्या ओळखीतल्या कितीतरी जणी या वाटेची चौकशी करतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कॉलेजच्या कारभाराविषयी पुढे एक तक्रार असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. शिवाय अभ्यासक्रमाचा गाभा राज्याच्या नियमांनी ठरलेला असल्याने इतर कॉलेजांतही तो बराचसा असाच असतो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार हे प्रशिक्षण किमान ७५ तासांचे असावे लागते. कॅलिफोर्नियाची अट त्याच्या दुपटीहून अधिक आहे : ६० तास वर्गात आणि १०० तास प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्ध व दीर्घ आजारी माणसे राहतात अशा शुश्रूषा केंद्रात. नाव घालताना मला हे १०० तास जाचक वाटले होते. आता वाटते की अभ्यासक्रमाचे खरे मोल त्यांच्यातच आहे, आणि वर्गातले ६० तास ही त्यांची पूर्वतयारी आहे.

ही पूर्वतयारी मात्र कॉलेजने फार निष्ठेने करून घेतली. पहिल्या आठवड्यात आम्ही सर्वाधिक वेळ हात धुण्यात घालवला. बोटांची टोके मनगटापेक्षा खाली ठेवायची, साबणाने किमान २० सेकंद चोळायचे, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालचा भाग सोडायचा नाही, आणि शेवटी धुतलेल्या हाताने नळाला स्पर्श न करता कोरड्या कागदी रुमालाने तो बंद करायचा. नळ उघड्या हाताने बंद केला की आमच्या बाई काहीही न बोलता पुन्हा सुरुवातीकडे बोट दाखवत. त्यांनी नर्स म्हणून आयुष्यभर काम केलेले होते, आणि त्या पुस्तकात नसलेली कारणेही सांगत. श्वास मोजताना रुग्णाला तसे सांगायचे नाही, हे त्यांनीच नीट समजावले : नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच राहू द्यायची आणि नजर छातीच्या हालचालीकडे वळवायची, कारण आपला श्वास मोजला जात आहे हे कळताच माणसाच्या श्वासाची लय बदलते. व्हीलचेअरचे ब्रेक लावणे, पलंग खाली घेणे, पडदा ओढणे आणि बोलावण्याच्या घंटीचे बटण रुग्णाच्या हाताशी ठेवणे, या गोष्टी तर इतक्या वेळा करून घेतल्या गेल्या की त्या वेगळ्या आठवाव्या लागत नाहीत.

नर्सिंग होममधल्या दुसऱ्या आठवड्यातला एक प्रसंग मुद्दाम सांगावासा वाटतो. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडलेल्या एका आजींना कपडे घालण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्यांचा उजवा हात बाहीत घालू लागले, तेव्हा बाईंनी मला थांबवले. कपडे घालताना आधी दुखरी बाजू आणि काढताना आधी धडधाकट बाजू, हा नियम मला तोंडपाठ होता, पण घाईत हात नेमका उलटा गेला. मी चूक सुधारून डावी बाही चढवली आणि पुढचे सगळे स्वतःच भराभर उरकू लागले. बाईंनी मला पुन्हा थांबवले. उजव्या हाताने बटणे त्या लावू शकतात, त्यांना लावू दे, असे त्या म्हणाल्या. पाच बटणांना जवळपास सहा मिनिटे लागली, आणि शेवटचे बटण लागल्यावर आजींनी कॉलर स्वतःच सारखी केली.

आपल्या घरांमध्ये वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे त्यांना हातही हलवू न देणे, अशी समजूत असते. मीही सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात तेच केले, आणि मनापासून केले. समोरच्या माणसाला जे जमते ते त्याचे त्यालाच करू देणे हाही सेवेचाच भाग आहे, किंबहुना तो अधिक अवघड भाग आहे, हे मला या अभ्यासक्रमाने शिकवले. रुग्णाचे स्वावलंबन टिकवणे हा विषय केंद्राच्या नियमातही आहे, आणि रुग्णाशी थेट संबंध येण्यापूर्वीच तो शिकवला जावा लागतो. पुस्तकात मात्र तो एका पानात संपतो.

आता तक्रारीकडे वळते. आमचे निम्मे तास झाले असताना, कॉलेजने ज्या नर्सिंग होमशी करार केला होता, त्याने विद्यार्थी घेणे बंद केले. १०० तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे आमची संपूर्ण तुकडी पाच आठवडे खोळंबली. अशी अडचण कोणावरही येऊ शकते; पण त्या काळात कार्यालयाकडून एकाही पत्राचे नीट उत्तर आले नाही, आणि नव्या जागेची माहिती आम्हाला बाईंकडून कळली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या दोघींना वेळापत्रक जुळेना, म्हणून त्यांनी अभ्यासक्रम सोडला. कॉलेजकडे दुसऱ्या नर्सिंग होमचा करार आधीपासून असता, तर हे टळले असते. प्रवेश घेण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येकीने स्पष्ट शब्दांत विचारावा.

खर्चाच्या बाबतीत कॉलेजला दोष देता येणार नाही. आमचा वर्ग नॉनक्रेडिट, म्हणजे पदवीसाठी न मोजला जाणारा, असल्यामुळे शिकवणीचे शुल्क नव्हते. क्रेडिटचा वर्ग असेल, तर राज्यातील रहिवाशाला प्रति युनिट (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर पडतात. गणवेश, बोटांचे ठसे, क्षयरोगाची चाचणी आणि परीक्षेचे शुल्क हा खर्च वेगळा. त्यातील एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते : अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांची मान्यता असलेल्या नर्सिंग होममध्ये नोकरी मिळाली, तर प्रशिक्षणाचा व परीक्षेचा खर्च कामाच्या कालावधीच्या प्रमाणात परत मिळण्याची सोय केंद्राच्या नियमात आहे. पावत्या जपून ठेवाव्यात. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या भगिनींना शिकता येते, पण कामाच्या परवान्याशिवाय पगाराची नोकरी करता येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

परीक्षेत लेखी भाग असतो आणि किमान पाच कृती परीक्षकासमोर करून दाखवाव्या लागतात. वर्गातला सराव इतका पक्का होता की त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

काम अंगमेहनतीचे आहे आणि पगार त्या मानाने बेताचा, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेक जणींनी याकडे पहिली पायरी म्हणूनच पाहिले होते. कम्युनिटी कॉलेजांतून दोन वर्षांच्या पदवीने नर्स तयार करण्याचा प्रयोग नर्सिंग शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड माँटॅग यांच्या मांडणीवरून १९५२ मध्ये सुरू झाला. ती पदवी घेणारे आजही विद्यापीठाच्या पदवीधरांइतक्याच हक्काने एनसीएलईएक्स-आरएन ही परवाना परीक्षा देतात. मात्र त्या प्रवेशासाठी आधी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र पूर्ण करावे लागते, आणि जागा थोड्या असल्याने पुष्कळ ठिकाणी वाट पाहावी लागते.

ज्या नर्सिंग होममध्ये माझे उरलेले तास झाले, तिथेच मी आता आठवड्यातून तीन दिवस काम करते. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात नाव घालताना मी दुसऱ्या दोन कॉलेजांची चौकशी केली होती, पण अखेर त्याच कॉलेजात नाव घातले आहे.