विरहच वाचायचा, तर आधी काय? मसनवी, गझल की दोबैती

फारसी प्रेमकविता वाचायची म्हटलं की जो तो हाफिजच्या गझलांकडे बोट दाखवतो. एकतर्फी प्रेमाची तगमग हवी असेल, तर मी म्हणेन आधी मसनवी, म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकांत सांगितलेली लांब कविता घ्या. गझलेत फरहाद, मजनू नुसते नावाने येऊन जातात. त्यांची कहाणी वाचकाला पाठ आहे असं कवी धरूनच चालतो.

ती कहाणी मसनवीत निजामी गंजवी हा कवी सांगतो. ‘खुसरो-शिरीन’मध्ये पाथरवट फरहाद शिरीनसाठी वेडा होतो, तिचा जीव मात्र राजा खुसरोवर. खुसरो फरहादची उलटतपासणी घेतो. कुठला तू? प्रीतीच्या मुलखातला. तिथे धंदा काय चालतो? दुःख विकत घेतात, जीव विकतात. एका ओळीत सवाल, दुसरीत जबाब आणि पुढच्या जोडीला नवं यमक. म्हणून मसनवी कितीही लांबली तरी अडखळत नाही. पुढे राजा त्याला बिसुतूनचा डोंगर फोडायला लावतो आणि काम संपत आलं की शिरीन मेल्याची खोटी बातमी धाडतो. फरहाद तिथेच जीव सोडतो.

अडचण लांबीची. निजामीची ‘लैला-मजनू’ (११८८) चार हजारांवर शेरांची आहे. वर्णनं खुशाल गाळा, मीही गाळतो.

गझलेत शेर सुटे. हाफिजच्या हस्तलिखितांत त्यांचा क्रमसुद्धा एकसारखा नाही. सुरेश भट वाचलेल्याला मतला (गझलेचा पहिला शेर), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) नवे नाहीत, तरी हाफिजआधी सादी बरा. ‘उंटवाल्या, हळू हाक, माझ्या जिवाचा विसावा चाललाय’ हे कळायला टीप लागत नाही.

वेळ कमी असेल तर बाबा ताहिरच्या दोबैत्या. चारच ओळी, चाल लगागागा लगागागा लगागा (ल लघु, गा गुरू). त्याच्या नावावरच्या एकीत तो म्हणतो, डोळे पाहतात आणि मन आठवत बसतं. पोलादी टोकाचा खंजीर करून डोळ्यांतच खुपसतो, म्हणजे मन तरी सुटेल.

रुबाईच्या, म्हणजे वेगळ्या चालीतल्या चार ओळींच्या कवितेच्या वाटेला सध्या जाऊ नका. माधव जूलियनांनी मराठीत आणलेल्या उमर खय्यामचं खरं दुखणं माशूक नाही, मरण आहे.

आणि झुरणारा आशिक डोक्यात जात असेल, तर सोळाव्या शतकातला वहशी बाफ्की. त्याच्या गाजलेल्या तरकीबबंदात, म्हणजे कडव्याकडव्यांच्या कवितेत, आशिक चक्क हिशेब मांडतो: पहिला गिऱ्हाईक मी, तुझा बोलबाला माझ्यामुळे, आता मन दुसऱ्या कुणाला द्यावं, याहून बरा उपाय दिसत नाही. सहा-सहा ओळींची कडवी आहेत, एका बैठकीत होतं.