कोरीव रोलरचा सहा रंगांचा सेट: पावसाळा, दिवाळी आणि लग्नसराई काढल्यानंतर

सुरतेत आमचं ट्रान्स्फर पेपर छापायचं छोटं युनिट आहे. मूळचे आम्ही खानदेशातले, आणि मशीनवरची निम्मी माणसंही तिकडचीच. कापडावर आम्ही थेट काही छापत नाही. कोरीव रोलरने कागदावर डिस्पर्स डायची (पॉलिएस्टरला लागणाऱ्या रंगाची) शाई चढवायची, तो कागद पॉलिएस्टरला चिकटवून फ्यूजिंग मशीनमधून २०० ते २१० अंशांवर अर्धा मिनिट फिरवायचा. उष्णतेने रंगाची वाफ होते, ती धाग्यात शिरते आणि रिकामा कागद रद्दीत जातो.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी प्रिंटेड पैठणीसाठी सहा रोलरचा नवा सेट करून घेतला. काठाला मोर आणि बारीक जरीच्या रेघा, बॉडीला शेडिंगची फुलं. आहेराच्या साडीचं हे डिझाइन, त्यामुळे सेट मशीनवरून खाली उतरायला फारसा वेळच मिळाला नाही. सेट घ्यायच्या आधी मला कुणाचा असा वापरानंतरचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता. मिळतात ती माहितीपत्रकं, आणि त्यात सगळे रोलर आरशासारखे चमकतात.

आधी रोलर म्हणजे काय ते थोडक्यात. आत पोलादी नळा, त्यावर निकेलचा पातळ हात, त्यावर तांबं, तांब्यात खोदाई आणि सगळ्यांवर क्रोमचा ६ ते ८ मायक्रॉनचा थर. तांबं साधारण २०० ते २२० विकर्स (धातूचा कडकपणा मोजायचं माप) कडक असावं लागतं. त्याहून मऊ असलं तर खोदताना कडेला बुरं (धातूचे बारीक काटे) उठतात, फार कडक असलं तर हिऱ्याचं टोक तुटतं. आमच्यातले पाच रोलर हिऱ्याच्या टोकाने कोरलेले आहेत. ते टोक सेकंदाला हजारो वेळा वरखाली होतं आणि तांब्यात उलट्या पिरॅमिडसारखे खड्डे पाडत जातं. सहावा, म्हणजे नेव्ही ब्लू आउटलाइनचा, लेझरने: तांब्यावर काळं लॅकर चढवायचं, लेझरने हवं तिथलं लॅकर उडवायचं आणि उघडं पडलेलं तांबं रसायनाने कोरून घ्यायचं.

एकाच सेटमध्ये दोन्ही पद्धती आल्याने तुलना आयतीच झाली. हिऱ्याच्या खोदाईत खड्डा लहान झाला की उथळही होतो. म्हणून गुलाबी पाकळी गडद बुडापासून कडेला विरत जाते तेव्हा मध्ये कुठे पायरी दिसत नाही. लेझरच्या रोलरात सगळे खड्डे एकाच खोलीचे, फक्त लहानमोठे. तिथे शेडिंग करायला गेलात तर ते चपटं येतं. पण रेघ मात्र लेझरचीच घ्यावी. आमच्या आधीच्या एका सेटमध्ये आउटलाइनसुद्धा हिऱ्याने केलेली होती. मोराच्या मानेची तिरकी रेघ भिंगातून बघितली की करवतीच्या दात्यांसारखी दिसायची, आणि फ्यूजिंगला रंग जरा पसरला की तेच दाते साडीवर मळकट कड होऊन बसायचे. नव्या सेटमध्ये ती मान एका झटक्यात काढल्यासारखी आली आहे. या एका कारणासाठी लेझरच्या रोलरचे जादा पैसे मला खटकले नाहीत.

गडद रंगांबद्दल एक गोष्ट ऑर्डर देतानाच बोलून घ्या. हिऱ्याचा कोन १३० अंशांचा असेल तर तेवढ्याच रुंदीचा खड्डा उथळ पडतो, १२० चा असेल तर खोल. ट्रान्स्फरमध्ये काळा आणि मरून उठायला कागदावर डाय भरपूर बसावा लागतो. आम्ही मरूनसाठी १२० सांगितलं होतं आणि तो रंग आजही भरगच्च येतो. फिरोजी १३० नेच केला. फिक्या रंगाला तो बरा, शाई कमी खातो.

डिझाइनरने एक भानगड लक्षात ठेवायची असते. रोलरवरून कागदावर चित्र उलटतं आणि कागदावरून कापडावर पुन्हा उलटतं, म्हणजे रोलरवर मोर जिकडे बघतो तिकडेच साडीवर बघतो. थेट कापड छापणाऱ्यांकडून आलेला माणूस सवयीने आरसा प्रतिमा करून देतो आणि मग साडीवरचे मोर उलट्या दिशेला बघत उभे राहतात.

आता रजिस्टर, म्हणजे सगळे रंग एकमेकांच्या जागी नेमके बसणं. रिपीट (रोलरच्या एका फेऱ्यात छापली जाणारी लांबी) ६४० मिमीचा घेतला, कारण रोटरी स्क्रीनवाल्यांचाही (जाळीच्या फिरत्या नळ्यांनी कापड छापणाऱ्यांचाही) तोच चालतो आणि डिझाइनं इकडची तिकडे नेता येतात. त्या हिशेबाने व्यास २०३.७ मिमी. पण सहाही रोलर एका मापाचे नसतात. पहिल्यापेक्षा दुसरा ०.०२ मिमीने मोठा, तिसरा त्याहून तेवढाच मोठा, असं चढत जातं, म्हणजे कागद पुढे पुढे ताणात राहतो. सेट आला त्या दिवशी आमच्या मास्तरांनी डिझाइनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मायक्रोमीटर घेतला आणि प्रत्येक रोलर दोन टोकांना आणि मध्ये मोजला. चौथा रोलर मध्ये किंचित पोटाळलेला निघाला. “भाऊ, हा चालेल, पण जोरात नाही चालणार,” एवढंच ते म्हणाले. अगदी तसंच झालं. मशीनचा वेग वाढवला की हिरवा रंग काठाजवळ हलतो, वेग उतरवला की जागेवर बसतो. डिझाइन कितीही सुंदर असो, नळा तासून घेताना केलेली कुचराई पुढे रोज भोवते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पिवळ्या रोलरने. कागदावर सगळं स्वच्छ दिसत होतं. फ्यूजिंग करून कापड बाहेर आलं तर पांढऱ्या जागेवर सगळीकडे फिकट पिवळी झाक, हळदीचा हात पुसल्यासारखी. ट्रान्स्फरमध्ये ही फसगत नेहमीचीच: कागदावर डाय मेल्यासारखा दिसतो, खरा रंग उष्णता लागल्यावरच उमलतो. त्यामुळे डोळ्याला न दिसणारी झाकसुद्धा कापडावर ओरडून सांगते. असं होतं त्याचं कारण बहुतेक वेळा क्रोमच्या पॉलिशमध्ये असतं. पृष्ठभाग खरखरीत राहिला तर डॉक्टर ब्लेड, म्हणजे रोलरवरची जादा शाई खरवडणारी पातळ पट्टी, शाई पूर्ण पुसू शकत नाही. उलट फार गुळगुळीत केला तर ब्लेडला वंगण मिळत नाही आणि ते लवकर झिजतं. मधला फिनिश साधणं हेच पॉलिशवाल्याचं कसब.

खोदाईवाल्यांना फोन केला तर उत्तर ठरलेलं: ब्लेडचा दाब बघा, कोन बघा, शाई पातळ करा. आम्ही नवीन ०.१५ मिमीचं ब्लेड लावलं, दाब बदलला, फोर्ड कपावर (शाई किती वेळात गळते त्यावरून तिचा दाटपणा मोजायच्या भांड्यावर) शाई १८ सेकंदांवरून १५ वर आणली. झाक जराही हलली नाही. शेवटी तेच ब्लेड, तीच शाई फिरोजी रोलरवर लावून स्वच्छ कापड काढलं आणि दोन्ही तुकडे पार्सलने पाठवले. मग मात्र त्यांनी रोलर परत घेतला, क्रोम उतरवून नव्याने चढवला आणि पैसे लावले नाहीत. टेम्पोचं भाडं आम्ही भरलं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. परत आल्यापासून तो रोलर निर्दोष चालतो आहे, म्हणजे खोदाईत खोट नव्हतीच.

फिक्या टोनमध्ये डॉट गळण्याची तक्रारही सुरुवातीला होती. पाकळीच्या कडेला रंग विरण्याऐवजी दाणे दाणे तुटायचे. ही मात्र रोलरची चूक नव्हती. स्वस्त कागदाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात आणि तिथपर्यंत छोट्या खड्ड्यातली शाई पोचतच नाही. कागद जरा घोटीव घेतला, इंप्रेशन रोलरचं (कागद कोरीव रोलरवर दाबणाऱ्या रोलरचं) रबर बदललं आणि तक्रार जवळपास मिटली.

पावसाळ्याबद्दल मात्र कुणी आधी बजावत नाही. सुरतेची दमट हवा आणि घामेजलेले हात, दोन्ही रोलरला चालत नाहीत. क्रोमच्या थरात मुळातच सूक्ष्म भेगा असतात, त्यातून ओल आत जाऊन तांब्यापर्यंत पोचते. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराने रोलर उचलताना उघड्या हाताने मधोमध धरला होता. काही आठवड्यांनी त्याच जागी बोटांचे चार काळपट ठिपके उठले. आता नियम केला आहे: हातमोजे घातल्याशिवाय रोलरला हात नाही, उतरवल्यावर सॉल्व्हंटने पुसून तेलाचा हात द्यायचा, कागदात गुंडाळायचा आणि शाफ्टच्या टोकांवर टेकवून ठेवायचा. जमिनीवर कधीच आडवा टाकायचा नाही. एक खडा पुरतो, आणि त्याची खूण प्रत्येक रिपीटला साडीवर येते.

क्रोम झिजतो तेव्हा रोलर स्वतःच सांगतो. चंदेरी पृष्ठभागात कुठेतरी गुलाबीसर झाक दिसायला लागते. ते खालचं तांबं. दिसलं की त्याच दिवशी मशीन थांबवायचं. तांबं मऊ असतं, ब्लेड त्याला काही तासांत खाऊन टाकतं आणि मग खोदाईच जाते. आमच्या सेटमध्ये लग्नसराईच्या ऐन घाईत मरूनच्या काठाजवळ अशी झाक दिसली. मास्तरांनी पाळी अर्धवट सोडून रोलर काढला. व्यापारी फोनवर तापला होता, पण रोलर वाचला. वेळेत नेलं तर जुना क्रोम उतरवून नवा चढवता येतो, खोदाई तशीच राहते आणि खर्च नव्या रोलरच्या मानाने किरकोळ येतो. डिझाइनचा बाजार उठला तरी पोलादी नळा वाया जात नाही. बॅलार्ड पद्धतीचं प्लेटिंग असेल तर कोरलेली तांब्याची पातळ कातडी पकडीने सोलून काढतात आणि त्याच नळ्यावर नवी चढवतात. सोलताना एकदा तरी बघाच.

या निमित्ताने क्रोम प्लेटिंगचं एक युनिट आतून पाहिलं आणि मन थोडं खट्टू झालं. टाकीतलं क्रोमिक ॲसिड म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. त्याच्या वाफेने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. युरोपात २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. मी पाहिलं तिथे टाकीवरचा एक्झॉस्ट चालू होता, कामगारांच्या तोंडाला मात्र नुसता रुमाल. माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवताना आता मी हेही बघतो.

ओळखीतले एक काका गिरणगावातल्या गिरणीत एनग्रेव्हिंग खात्यात होते. त्यांना हे रोलर दाखवले. त्यांच्या काळात कापडावर थेट तांब्याच्या रोलरने छापायचे. ती पद्धत १७८३ च्या थॉमस बेलच्या पेटंटपासूनची, इंग्लंडमधल्या लँकेशरातून जगभर गेलेली. मऊ पोलादाच्या छोट्या रोलरवर हाताने डिझाइन कोरायचं, तो कडक करायचा, त्याच्यावर दाबून दुसऱ्या पोलादी रोलरवर उठाव घ्यायचा आणि तो उठाव पुन्हा पुन्हा दाबत तांब्यावर पूर्ण डिझाइन उतरवायचं. मोठ्या डिझाइनला पेंटोग्राफ: जस्ताच्या पत्र्यावर मोठं चित्र, त्यावर माणूस हात फिरवतो आणि हिऱ्याची टोकं तांब्यावरचं वार्निश खरवडतात, मग नायट्रिक ॲसिड. १९६३ च्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनात स्टॉर्क कंपनीने रोटरी स्क्रीन मशीन आणलं आणि हळूहळू तांब्याचे जड रोलर मागे पडले. काकांनी नेव्हीचा रोलर भिंगाखाली बराच वेळ बघितला. “रेघ चांगली आहे, पण शेवटाला हात सुटलेला दिसत नाही,” म्हणाले. कौतुक होतं की तक्रार, ते विचारायचं राहून गेलं.

डिजिटलचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. सुरतेत गल्लीगल्लीत सब्लिमेशन प्रिंटर (संगणकावरून थेट ट्रान्स्फर पेपर छापणारे) आहेत आणि छोट्या ऑर्डरला त्यांच्यापुढे आमचा टिकाव नाही. त्यांना रोलर नको, रंगांची मर्यादा नको, सकाळी डिझाइन आणि संध्याकाळी माल. आमचा ढोबळ नियम असा की पाच हजार मीटरच्या खाली सेट काढायचाच नाही. त्यावर गेलं की गणित फिरतं: रोलरचा खर्च मीटरमागे उतरत जातो, शाई स्वस्त पडते आणि वेगाची तर बरोबरीच नाही. शिवाय एकसारखी गडद जमीन (डिझाइनमागचा रंग) आम्हाला रोलरवर जास्त सपाट मिळते. डिजिटलवर एखादा नोझल बंद पडला की पट्टा येतो. ज्याला दर महिन्याला नवं डिझाइन लागतं त्याने या सेटच्या फंदात पडू नये. ज्याचं एक डिझाइन वर्षभर खपतं त्याने पडावं.

पुढच्या सेटची ऑर्डर त्याच खोदाईवाल्यांना दिली आहे, कारण चूक दाखवल्यावर त्यांनी ती मान्य केली. यावेळी डिझाइनच्या फाइलसोबत एक वेगळा कागद लिहून दिला: प्रत्येक रोलरचा व्यास तीन जागी मोजलेला हवा, क्रोमची जाडी आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजलेला हवा आणि प्रूफ कागदावर न देता फ्यूजिंग केलेल्या पांढऱ्या पॉलिएस्टरवर द्यावं. शेवटच्या अटीवर त्यांनी कुरकुर केली, त्यांच्याकडे फ्यूजिंग मशीन नाही. मग असं ठरलं की कागद त्यांनी पाठवायचा, फ्यूजिंग आम्ही करायचं आणि झाक नसेल तरच शिल्लक रक्कम द्यायची. तांब्याचा भाव बघता सहावा रोलर टाळून पाच रंगांत काम भागवायचं घाटत आहे. हिरवा पिवळ्यावर फिरोजी छापून काढता येतो, फक्त दोन्ही रोलरचं रजिस्टर नेमकं बसायला हवं.