गॉडस्पीड प्रश्नावली: फुकट आहे, पण डोळे झाकून वापरू नका

रोबो बघून माणसाला काय वाटतं हे मोजायचं म्हटलं की बहुतेक जण हिच्याकडेच वळतात. बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली. माणसासारखेपणा, सजीवपणा, आवड, हुशारी आणि सुरक्षितता असे पाच भाग, मिळून विरुद्धार्थी शब्दांच्या २४ जोड्या. प्रत्येक जोडीला १ ते ५ मधला एक आकडा द्यायचा, की झालं.

आमच्या कॉलेजच्या पोरांनी कँटीनमध्ये ट्रे नेणारा रोबो फिरवला आणि मी हीच वाटली. भराभर भरून होते, हा मोठाच गुण. पण ‘मृत की जिवंत’ला मावशी अडल्या. ‘‘सर, चार्जिंग संपल्यावरचं विचारताय का?’’ आता याला काय आकडा देणार!

खरी गोची पुढेच आहे. ‘कृत्रिम की जिवंत वाटणारा’ ही जोडी दोन भागांत जशीच्या तशी येते, मग ते दोन भाग एकमेकांशी जुळणारच. सुरक्षिततेला जेमतेम तीन जोड्या, आणि त्यातली ‘शांत की चकित’ तर मला अजून कळलेली नाही. चकित झालेला माणूस घाबरलेलाच असतो असं कोणी सांगितलं?

दोन रोबोंची तुलना करायची असेल तर खुशाल घ्या. भागांची नावं कागदावर छापू नका, जोड्या पिसून टाका. अस्वस्थताच मोजायची असेल तर २०१७ची रोसास ही रोबोंसाठीचीच दुसरी प्रश्नावली बघा, तिच्यात त्यासाठी वेगळा भागच आहे.

पाचपैकी साडेतीन तारे.