वंशावळीची वही घेऊन येणाऱ्या ‘भाटा’पासून सावध राहा, आमची पुतळ्यांची माळ गेली

ज्यांच्या घरात अजून जुनं सोनं आहे आणि ज्यांच्या कुळाची स्मरणिका छापलेली आहे, त्यांनी हे वाचाच. नावगाव लिहीत नाही. घरच्यांनी बजावलंय, “आणखी शोभा नको.” व्हायची तेवढी शोभा झालीच आहे.

गेलं ते असं: आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची पुतळ्यांची माळ, नाण्यासारख्या सोन्याच्या एकवीस पुतळ्या, वजन ७३ ग्रॅम ४८० मिलिग्रॅम. वर २३,८०० रुपये. ही माळ आमच्याकडे सासूकडून थोरल्या सुनेकडे येते. एरवी कपाटात कुलपाखाली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की तिच्या गळ्यात, सोमवारी विसर्जनाआधी उतरवायची. थोरली सून मी. तेव्हा बोल कुणाला लागतोय हे सांगायला नको.

कानबाईला आमची सगळी भाऊबंदकी अमळनेर तालुक्यातल्या गावी जमते, सुरतेपासून पुण्यापर्यंतची. गेल्या वर्षी त्याच दुपारी ओट्यावर एक माणूस येऊन बसला. पांढरं धोतर, कानात बाळी, लाल कापडात बांधलेली लांबट वही. “तुमच्या कुळाचा भाट, राजस्थानातून आलो.” यात कुणाला नवल वाटलं नाही, कारण खरे भाट यायचे, शिधा घेऊन पिढ्या वाचून जायचे. यानं वाचनाचे १,१०० घेतले. त्या वर्षी झालेल्या दोन नातवंडांची नावं वहीत चढवायचे प्रत्येकी २,१०० घेतले. सगळ्यांनी हौसेनं दिले.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. आमच्या खापरपणजोबांचं नाव झिपरू. २०११ साली कुळाची स्मरणिका छापली, त्यात छापखान्यानं त्यांना ‘झिंगरू’ केलं. तेव्हापासून घरात चेष्टेनं झिंगरूबाबाच म्हणतात. हा भाट बोट फिरवत वाचतोय आणि घडाघडा म्हणतोय, “झिंगरू, त्यांचे उखा, उखाचे...” अख्खा ओटा हसला. माझे चुलत दीर टाळी देऊन म्हणाले, “पाहा, वहीतही झिंगरूच! म्हणजे छापखाना बरोबर होता, आपणच चुकलो!”

पिढ्यानपिढ्या जुन्या म्हणवणाऱ्या वहीत २०११ च्या छापखान्याची चूक कुठून आली? एवढा एक प्रश्न त्या ओट्यावर कुणी विचारला असता तर माळ आज घरात असती. तिथं दोन मास्तर होते, एक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेला पुतण्या होता. मी आत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या तव्याशी होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण आता सगळ्यांना वाटतं की भाट फक्त मलाच भेटला होता.

शंका आली ती फक्त आमच्या आत्यासासूबाईंना. त्या माणसानं स्वतः रोट मागितला. कानबाईचा रोट भाऊबंदांबाहेर जात नाही, हे इथं शेंबड्या पोराला माहीत आहे. आत्या म्हणाल्या, “हाऊ रोट मांगस? भाट शे का भाऊबंद शे?” (हा रोट मागतो? भाट आहे की भाऊबंद?) त्यांना सगळ्यांनी गप्प बसवलं. पाहुण्याचा अपमान नको म्हणे. रोट दिला.

कानबाईच्या गळ्यातली माळ त्यानं लांबूनच पाहिली, हात लावला नाही. इथंच भरवसा बसला. म्हणाला, माळ होळकर सरकारातून मिळालेली आहे, वहीत नोंद आहे, फोटो पाठवा, ताडून पाहतो. फोटो पाठवले. त्या फोटोंवरूनच त्यानं दुसरी माळ घडवून घेतली, हे पुढे कळलं. आठवड्याभरात फोन: शंभर वर्षांवरची वस्तू आहे, पुरातत्त्वाकडे नोंद नसेल तर सरकारजमा होईल, नोंद झाली तर घराण्याचं प्रमाणपत्र मिळेल. फी १८,५००. आमच्या ह्यांनी यूपीआयनं पाठवले. घराण्याचं प्रमाणपत्र म्हटल्यावर पुरुषमाणसं किती पटकन विरघळतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

पितृपक्षात, “पितरांचं काम पितृपक्षातच” असं म्हणत, तो परत आला. सोबत गळ्यात ओळखपत्र अडकवलेला ‘अधिकारी’ आणि छोटा वजनकाटा. वजन आमच्यासमोर केलं, कागदावर लिहिलं, आमच्या सह्या घेतल्या. मग माळ लाल कापडात गुंडाळली, देव्हाऱ्यापुढे ओवाळली, जड लाकडी डब्यात ठेवून लाख ओतून मोहोर मारली. प्रमाणपत्र येईपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस दिवस, डबा उघडायचा नाही, जागचा हलवायचाही नाही. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. कापडाची घडी कधी बदलली, ते आम्हा घरच्या तिघांच्या डोळ्यांदेखत तिघांनाही दिसलं नाही.

धनत्रयोदशीला मीच लाख फोडली. माळ हुबेहूब. पण सासूबाईंच्या माळेत सातव्या पुतळीची कडी तुटलेली होती, तिथं त्यांनी चांदीची घालून घेतली होती. माळेच्या मागच्या बाजूनं, त्यामुळे फोटोत आली नव्हती. या माळेच्या एकवीसही कड्या एकसारख्या पिवळ्या. जळगावच्या सराफानं कसाला लावायच्या आधी नुसती तळहातावर तोलली आणि माझ्याकडे पाहिलं. पितळ, वर सोन्याचं पाणी. भरली ३३ ग्रॅम. त्यानंच सांगितलं की पुतळी हा मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्याचा नमुना, होळकरांच्या टांकसाळीचा तिच्याशी काय संबंध? आणि पुतण्याला तेव्हा जाग आली. त्यानं वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर संवत १९१४, म्हणजे १८५७ च्या सुमाराची नोंद आणि शेजारी ‘जिल्हा पूर्व खानदेश’. खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झालेत १९०६ ला!

आता पोलीस. ठाण्यातला पहिला प्रश्न: “माळेचं बिल आहे?” आजेसासूच्या सासूच्या माळेचं बिल! दुसरा: “तुम्ही स्वतःच काढून दिली ना? मग चोरी कशी?” चोरी नाही हो, फसवणूक. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, पुतण्यानं दाखवलं. त्यावर साहेब म्हणाले, “वकील आणलाय वाटतं.” पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, आमचा विषय १८,५०० चा, सोन्याचं ठाण्यात सांगा. बँकेत: “पिन तुम्हीच टाकलाय.” मग ठाण्यात साधा अर्ज घेतला आणि पोच म्हणून त्याच अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून दिला. गुन्हा नोंदलाच नाही. एका हवालदारानं तर हसत विचारलं, “काकू, वंशावळीत आमचं नाव निघतं का पाहा.” ही गोष्ट मी विसरणार नाही.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. आम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवली, पावती जपून ठेवली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग घरात रडारड. आम्हाला कळेपर्यंत पैसा खात्यातून कधीच पुढे गेला होता. जुन्या दागिन्याचा मागूनपुढून फोटो काढा, सराफाकडून वजनाची सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्या, कारण बिल मागणारच आहेत. आणि ते फोटो कुणालाही पाठवू नका. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा खरा आहे, पण त्यासाठी कुणी अधिकारी भाटासोबत घरी येऊन डब्याला लाख लावत नाही. वंशावळच पाहायची असेल तर नाशिकला गोदेवर आपापल्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे आहेत, पूर्वजांच्या सह्यांसकट. तिथं दक्षिणा मागतील, दागिना मागणार नाहीत. आणि घरात एखादी म्हातारी “हाऊ कोन शे” म्हणाली तर तिला गप्प बसवू नका.

त्या माणसानं कानबाईच्या दिवशी आमची स्मरणिका “वहीत भर घालायला” म्हणून मागून नेली. तिच्यात यावल, शिरपूर, शहादा आणि सुरत इथल्या सगळ्या शाखांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. आम्ही एकेका घराला फोन करतोय. शिरपूरच्या दोन घरांनी २,१०० आधीच दिलेत, आणि त्यातल्या एका घरून वज्रटिकेचे फोटोही गेलेत.